हलक्या वजनाचा शब्द

दोन माणसांच्या बोलण्याला इंग्रजीत शब्द पुष्कळ आहेत. ‘कॉन्व्हर्सेशन’ भारदस्त, लॅटिन घराण्यातला. मुळात त्याचा अर्थ सहवासात राहणं, वागणं असा. ‘डिस्कशन’ म्हटलं की टेबल आणि पाण्याचे ग्लास आलेच. ‘डायलॉग’ला आपण सिनेमात नेऊन ठेवलं. ‘टॉक’ सगळीकडे चालतो, म्हणून कुठेच डोळ्यांत भरत नाही. या मंडळींत ‘चॅट’ अगदीच किरकोळ अंगाचा. मराठीत तर त्याची आणखी पंचाईत झाली. आपण तो मोबाइलसकट घेतला, त्यामुळे आपल्या लेखी चॅट म्हणजे अंगठ्याने टाइप केलेला मजकूर. इंग्रजीत हा शब्द संगणकाच्या आधी पाचशे वर्षं लोकांच्या तोंडात वावरत होता. माझं मत विचाराल तर बोलण्याच्या सगळ्या इंग्रजी शब्दांत सर्वांत धूर्त हाच. स्वतःला लहान म्हणवून घ्यायचं आणि त्या लहानपणाच्या आडून मोठी कामं उरकायची, ही त्याची रीत. ती जरा जवळून बघण्यासारखी आहे.

आधी नुसता आवाज ऐका. ‘च’ म्हणताना जीभ टाळूला टेकते आणि किंचित घासत सुटते. लगेच जबडा खाली येऊन ‘ॲ’ उघडतो, आणि उघडतो न उघडतो तोच ‘ट’ त्याला मिटवतो. तबल्यावर बोल वाजवून बोट तिथेच दाबून ठेवलं की नाद घुमायला जागा उरत नाही, तसा हा शेवटचा ‘ट’. ‘टॉक’मधला स्वर इंग्रज माणूस चांगला लांबवतो; ‘कॉन्व्हर्सेशन’ तर चार पायऱ्या चढून मग टेकतं. ‘चॅट’मध्ये रेंगाळायला जागाच नाही. लंडनकडचे पुष्कळजण हा ‘ट’सुद्धा घशातच अडवतात, म्हणजे शब्द आणखी आखूड होतो. अर्थ कळण्याआधीच कानाला कळतं, की हे थोडक्यात आटपणारं प्रकरण आहे. आकाराने अर्थाची इतकी बिनचूक वर्दी देणारे शब्द फार नसतात.

मराठी तोंडात शिरताना याने एक गंमत केली. आपल्याकडे ‘च’ दोन. ‘चमचा’तला दंततालव्य वेगळा आणि ‘चिमणी’तला तालव्य वेगळा. ‘चॅट’साठी आपल्या जिभेने कुणाला न विचारता चिमणीचा ‘च’ निवडला. ही निवड किती योग्य आहे ते पुढे येईलच. मधल्या स्वरासाठी देवनागरीत मुळात खूण नव्हती. इंग्रजी शब्दांसाठी आपण ती केली आणि तिला अर्धचंद्र म्हणू लागलो. एरवी मराठीत अर्धचंद्र देणं म्हणजे मानगूट धरून बाहेर काढणं. या पाहुण्याला तोच अर्धचंद्र डोक्यावर देऊन आपण घरात बसवून घेतलं.

आता कूळ. ‘चॅट’ हा ‘चॅटर’चा तुकडा. ‘चॅटर’ तेराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि तो सरळसरळ आवाजावरून पडलेला शब्द आहे. कुठल्या लॅटिन-ग्रीक पोथीत त्याचं मूळ शोधायला जायचं कारण नाही. झाडाखाली उभं राहिलं तरी पुरे. आधी तो पक्ष्यांच्या भरभर आवाजासाठी वापरात होता, मग माणसांच्या बडबडीसाठी, पुढे थंडीने दात वाजतात त्यासाठीसुद्धा. पंधराव्या शतकात त्याचं शेपूट गळलं आणि ‘चॅट’ उरला.

हे गळलेलं शेपूट बारकाईने बघा, कारण खरी कारागिरी इथे आहे. इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी येणारा हा ‘अर’ पुष्कळ ठिकाणी पुनरावृत्ती दाखवतो. ‘फ्लटर’ म्हणजे पुन्हा पुन्हा फडफडणं, ‘ग्लिटर’ म्हणजे सतत लुकलुकणं, ‘पॅटर’ म्हणजे पावसाचं टपटप टपटप. ‘चॅटर’मध्येही तेच आहे, आवाज चालूच, थांबायचं नाव नाही. तो ‘अर’ काढला आणि पुनरावृत्ती गेली. जे अखंड होतं त्याला शेवट आला. पाखरांचा कलकलाट माणसाच्या मापाचा झाला. आता एक थांबतो, दुसरा बोलतो आणि थोड्या वेळाने दोघेही उठतात. एका प्रत्ययाच्या कातरणीने गोंगाटातून संवाद काढला, आणि ही कातरणी कुणा पंडिताने केलेली नाही. बोलणाऱ्यांनी येता-जाता केली. असं काम बघितलं की भाषेतल्या अनामिक कारागिरांना दाद द्यावीशी वाटते.

पक्ष्यांनी मात्र या शब्दावरचा हक्क पुरता सोडला नाही. स्टोनचॅट आणि व्हिनचॅट ही छोट्या पक्ष्यांची इंग्रजी नावं आजही चालू आहेत. स्टोनचॅटची हाक दोन गारगोट्या एकमेकींवर ठोकल्यासारखी येते, म्हणून ‘स्टोन’. त्याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा, झुडपाच्या अगदी शेंड्यावर बसून शेपटी हलवत राहणारा गप्पीदास महाराष्ट्रातल्या पक्षिनिरीक्षकांना चांगला ठाऊक आहे. काळ्या अंगावर पांढरा पट्टा मिरवणारा कवड्या गप्पीदासही. इंग्रजीत ‘चॅट’, मराठीत ‘गप्पीदास’. दोन भाषांनी एकाच मूठभर पाखराला एकच स्वभाव बहाल केला. ‘दास’मुळे आपल्या नावाला जी किंचित भक्तिभावाची झाक आली आहे, ती इंग्रजीला साधलेली नाही. गप्पांची दीक्षाच घेतलेला पक्षी! चिमणीचा ‘च’ या शब्दाला का शोभतो, ते आता सांगायला नको.

पाखरांचं मूळ असल्यामुळे या शब्दाला बरीच वर्षं हिणकस वास होता. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात ‘चॅट’चे अर्थ एकापाठोपाठ एक येतात: बरळणं, रिकामं बोलणं, पोरकट बडबड, कोंबडीसारखं कलकलणं. आणि या सगळ्यांच्या शेवटी, जणू जाता जाता, निवांतपणे बोलणं. ही उतरंड मला फार आवडते. स्वतः जॉन्सन रात्ररात्र बैठका रंगवणारा गडी. नुसतं ‘टॉक’ आणि खरं ‘कॉन्व्हर्सेशन’ यांत तो फरक करायचा, हे त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने नोंदवलं आहे. ज्यात काही मुद्दा चर्चेला आला नाही त्याला तो संभाषण मानायला तयार नसे. असा माणूस ‘चॅट’ला मान देणं कठीणच. तरी कोशकार म्हणून त्याचा कान शाबूत होता. लोक हा शब्द आरामशीर बोलण्यासाठीही वापरतात हे त्याने ऐकलं आणि नोंदलं. पुढच्या अडीचशे वर्षांत नेमका तो शेवटचा अर्थ पुढच्या रांगेत येऊन बसला.

ज्यांच्या बोलण्याला किंमत द्यायची नाही त्यांच्या बोलण्याला हा शब्द चिकटवायचा, ही खोडही जुनीच: बायका, नोकर, दाया. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये वीर परततो तेव्हा सगळं रोम त्याला बघायला लोटतं. त्या गर्दीचं कुजकट वर्णन करणारा पुढारी एका दाईला पकडतो: मूल रडून रडून बेजार झालंय आणि ही बाई त्या वीराबद्दल बोलण्यात गुंग. तिथे ‘चॅट’ला थेट कर्म दिलेलं आहे. ‘त्याच्याविषयी’ नाही, सरळ ‘त्याला’; जणू ती दाई त्या योद्ध्याला तोंडात घोळवते आहे. मधलं शब्दयोगी अव्यय उडवल्याने केवढी चव आली! आज लंडनमधली तरुण पोरं असंच म्हणतात; ‘चॅटिंग रबिश’ म्हणजे काहीही फेकणं. जमैकाच्या डान्सहॉल संगीतात डीजे माइकवर गाणं ‘चॅट’ करतो, तेही थेट कर्मासह. शाळेतल्या व्याकरणाने या मंडळींचे कान उपटले असते. शेक्सपिअरने उपटले नसते.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे, तर या शब्दाचं घरगुती रूप बघू: ‘हॅव अ चॅट’. यातला ‘अ’ वाचताना सहज निसटतो, पण शब्दाचा सगळा भाव त्याच्यावर उभा आहे. इंग्रजीत ‘टेक अ नॅप’, ‘हॅव अ लुक’ अशा रचना ढिगाने आहेत. वाहत्या क्रियेतून एक तुकडा कापून हातात द्यायचा. आपणही एक डुलकी काढतो, एक चक्कर मारून येतो. ‘झोपतो’ म्हणणाऱ्याचा भरवसा नाही, ‘डुलकी काढतो’ म्हणणारा अर्ध्या तासात उठेल असं घरचे धरून चालतात. ‘अ चॅट’मध्ये हाच करार आहे. तुझा फार वेळ घेणार नाही. विषयाला सुरुवात असेल आणि शेवटही असेल. उठताना दोघांपैकी कुणी हरलेलं नसेल. त्यावर आणखी विशेषणं येतात तीही याच मापाची: ‘लिटल’, ‘क्विक’, ‘नाइस’. मुळात लहान असलेल्याला पुन्हा ‘लिटल’ म्हणायचं म्हणजे लहान मुलाला कडेवर घेण्यासारखंच. ‘ह्यूज चॅट’ कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर ऐकणारा हसेल.

शब्दयोगींची निवड त्याहून देखणी. ब्रिटिश माणूस ‘चॅट टू’ म्हणतो, अमेरिकन बहुधा ‘चॅट विथ’. दोन्ही चालतात. पण ‘ॲट’ लावून बघा. ‘शाउट ॲट’ होतं, म्हणजे समोरच्यावर ओरडणं. ‘टॉक ॲट’सुद्धा होतं, समोरच्याच्या ‘हं’चीही वाट न बघता त्याच्यावर शब्द ओतत राहणाऱ्यांसाठी ते खास राखून ठेवलेलं आहे. अशी माणसं प्रत्येक लग्नात भेटतात. ‘चॅट ॲट’ मात्र होत नाही. क्रियापदच नकार देतं. समोरच्याला भिंत करून ‘चॅट’ करता येणार नाही, असा नियम कुठल्या पुस्तकात नाही. तो प्रत्येक इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानात आहे. ‘लेक्चर’, ‘प्रीच’, ‘अड्रेस’ ही क्रियापदं एकट्याने पार पडतात. ‘चॅट’ला दुसरा माणूस लागतो, आणि तो जागा असावा लागतो. एवढ्याशा धातूत सभ्यतेचं एवढं कडक कलम लपलेलं आहे, आणि ते मोडायचं कुणाच्या मनातही येत नाही, ही मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

‘चिट-चॅट’ची गंमत थोडक्यात सांगतो. इंग्रजी जोडशब्दांत ‘इ’चा पाय आधी पडतो आणि ‘ॲ’चा किंवा ‘ऑ’चा मागून: ‘झिगझॅग’, ‘टिक-टॉक’, ‘पिंगपाँग’. ‘चॅट-चिट’ म्हणा, जीभ ठेचकाळते. आपल्या ‘टिवल्याबावल्या’ही ‘इ’नेच निघतात. आधी मिटलेला स्वर, मग उघडलेला. बोलणं गंभीर नाही हे सांगायला इंग्रजीने इथे शब्दालाच हिंदोळ्यावर बसवलं.

आता धूर्तपणाकडे येऊ. हिंजवडीच्या कुठल्याही कंपनीत शुक्रवारी दुपारी साहेबांचा दोन शब्दांचा निरोप येऊ द्या: ‘क्विक चॅट?’ पुढची दहा मिनिटं त्या माणसाच्या छातीत काय होतं ते ज्याचं त्याने आठवावं. ‘मीटिंग’ म्हटलं असतं तर त्याने वही घेतली असती. ‘डिस्कशन’ म्हटलं असतं तर आकडे काढले असते. ‘टॉक’ म्हटलं असतं तर निदान खरं तरी कळलं असतं, कारण इंग्रजीत ‘वी नीड टू टॉक’ हे बहुतेक वेळा वाईट बातमीचंच प्रास्ताविक. ‘चॅट’ त्याला निःशस्त्र करतो. तयारी करायला काही नाही, कारण प्रकरण तर किरकोळ आहे! ब्रिटिश गुन्हेकथांतला इन्स्पेक्टर संशयिताच्या दारात उभा राहून ‘लिटल चॅट’ मागतो, तेव्हा प्रेक्षकाला लगेच कळतं की हा आता सुटत नाही. हलकं वजन दाखवून जड माल पोचवण्याची ही ब्रिटिश शैली ‘चॅट’ने इतकी आत्मसात केली आहे, की ‘क्विक’ जितका गोड तितका धोका जास्त, असा हिशेब मांडायला हरकत नाही.

हीच युक्ती एका माणसाने भल्यासाठी वापरली, निदान त्याच्या नावावर तरी ती जमा आहे. १९३३च्या मार्चमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा अमेरिकेतल्या बँका कोसळत होत्या आणि लोक ठेवी काढून घरी दडवत होते. सूत्रं हाती घेतल्यावर दोनच दिवसांत, ६ मार्चला, त्याने देशभरच्या बँका बंद ठेवल्या. १२ मार्चला, रविवारी रात्री, तो रेडिओवर बोलला. बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जरूपाने फिरतो, म्हणून सगळे एकदम मागायला आले तर कुठलीच बँक देऊ शकत नाही, हे त्याने पाव तासाच्या आत, शाळेतल्या मुलालाही कळेल असं सांगितलं. सोमवारपासून बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या आणि लोक काढलेला पैसा परत भरायला रांगेत उभे राहिले.

त्या भाषणाची सुरुवात कान देऊन ऐकण्यासारखी आहे. बँकांविषयी थोडा वेळ ‘टॉक’ करायचं आहे, असं रूझवेल्ट म्हणाला. आणि कुणाशी, हे सांगताना त्याने ‘टू’ न वापरता ‘विथ’ वापरलं. माइकपुढे एकटा बसलेला माणूस, पलीकडे कोट्यवधी मुके श्रोते, आणि शब्दयोगी मात्र समोरासमोर बसलेल्या दोघांचं. तरी ‘चॅट’ हा शब्द त्याचा नव्हे. मे महिन्यातल्या दुसऱ्या भाषणाआधी सीबीएस रेडिओच्या हॅरी बुचर यांनी प्रसिद्धिपत्रकात ‘फायरसाइड चॅट’ म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. वर म्हटलं ते कलम आठवा: ‘चॅट’ला दुसरा बोलणारा लागतो. इथे तो नव्हता. रेडिओवर ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही. म्हणजे नियम सरळ मोडला होता. पण मोडतानाच शब्दाने आपलं सर्वांत मोठं काम केलं. जो संवाद नव्हता त्याच्यात ऐकणाऱ्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली. ‘ॲड्रेस टू द नेशन’ ऐकायला माणूस सावरून बसतो. ‘फायरसाइड चॅट’ ऐकताना तो आपण होऊन मान डोलावतो. प्रसिद्धिपत्रक लिहिणाऱ्याच्या हातून कधीतरी असा शब्द पडतो, की सगळ्या खात्याचा पगार वसूल होतो.

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांतली एक कथाही या शब्दामागे लागली आहे. ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत ‘चॅट’ म्हणजे उवा. सैनिक घोळका करून बसत, शर्टाच्या शिवणींवरून नख किंवा मेणबत्तीची ज्योत फिरवत उवा मारत, आणि मारता मारता गप्पा चालत; म्हणून गप्पांना ‘चॅट’ म्हणू लागले, अशी ही व्युत्पत्ती. ती खोटी आहे. शब्द त्या युद्धाच्या साडेचारशे वर्षं आधीचा. पण खोट्या व्युत्पत्तीही उगाच जन्मत नाहीत. हात कामात आणि तोंड मोकळं, ही ‘चॅट’ची बैठक ज्याने ती कथा रचली त्याला नेमकी कळली होती. आपल्याकडच्या शेंगा सोलण्याच्या, वाल निवडण्याच्या बैठका काय वेगळ्या होत्या?

संगणकावर हा शब्द आला तो थोडा उशिराच. १९७३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ यंत्रणेवर अनेकांना एकाच वेळी पडद्यावर बोलता येईल अशी सोय झाली, तिचं नाव ‘टॉकोमॅटिक’. युनिक्सवरच्या तशाच सोयीचं नाव ‘टॉक’. म्हणजे पहिला मान मोठ्या भावाला. १९८८मध्ये फिनलंडच्या औलू गावात यार्को ओइकारिनेन या तरुणाने जी प्रणाली लिहिली तिच्या नावात मात्र ‘इंटरनेट रिले’ या दोन तांत्रिक शब्दांमागे ‘चॅट’ येऊन बसला, आणि पुढे त्याने जागा सोडली नाही. ते बरोबरच झालं. टाइप करून बोलणाऱ्याला शब्द तोकडे हवे असतात, वाक्य अर्धं राहिलं तरी चालतं. ‘टॉक’ला ते जमलं नसतं. फ्रेंचांची मात्र अडचण झाली. त्यांच्याकडे ही अक्षरं अशीच लिहिली की मांजर होतं. म्हणून काहीजण आधी ‘टी’ जोडून लिहू लागले, आणि क्वेबेकच्या भाषा कार्यालयाने कळफलक आणि बडबड यांचे फ्रेंच शब्द एकमेकांत घुसवून ‘क्लाव्हार्दाज’ असा सुरेख शब्द पाडला. भाषा खात्यांनी पाडलेल्या शब्दांत इतकी मिश्किली क्वचितच असते. आपल्या भाषा संचालनालयाने एकदा चवीने बघावा असा.

पडद्यावर गेल्यावर शब्दाच्या अंगावर एक विपरीत गोष्ट आली. समोरासमोरच्या बोलण्यात एक थांबला की दुसरा सुरू होतो, त्यातलं अंतर फार थोडं असतं. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या अभ्यासात ते सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरलं. या उड्या इतक्या जलद, की मागे काही उरत नाही. ‘चॅट’चा हलकेपणा त्यातूनच आलेला: बोललं, विरलं. आता बघा आपण काय म्हणतो. ‘चॅट उघड’, ‘चॅट डिलीट कर’, ‘चॅटचा स्क्रीनशॉट पाठव’. जी क्रिया होती ती वस्तू झाली, आणि वस्तू झाल्यावर साठायला लागली. वर्तमानपत्रांत ‘व्हॉट्सॲप चॅट’ हे शब्द आता पुरावा, आरोपपत्र, जामीन यांच्या शेजारी छापून येतात. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्रही जोडावं लागतं. ज्या शब्दाचा अर्थच ‘याची नोंद नको’ असा होता, त्याची प्रमाणित प्रत न्यायालयात सादर होते. जॉन्सनला ही नोंद लिहायला मजा आली असती.

मराठीने अजून त्याचं लिंगही पक्कं केलेलं नाही. कुणी ‘चॅट वाचली’ म्हणतं, कुणी ‘चॅट वाचलं’. ‘चॅटिंग’ मात्र निःसंशय नपुंसकलिंगी. आणि आई जेव्हा ‘सारखं चॅटिंग चाललेलं असतं’ म्हणते, तेव्हा जॉन्सनच्या कोशातले पहिले चार अर्थ एकदम जिवंत होतात.

नव्या पिढीच्या व्हिडिओ गेमच्या थेट प्रक्षेपणांत तर तो संबोधन झाला आहे. खेळणारा मुलगा पडद्याकडे बघून हजारो अनोळखी प्रेक्षकांना ‘चॅट’ अशी हाक मारतो: चॅट, हे खरं आहे का? दोघांमधल्या गोष्टीचं नाव, मग मजकुराचं नाव, मग मजकूर टाकणाऱ्या गर्दीचं नाव. ही वाढ मला थोडी आडदांड वाटते. पण एकवचनातली ती हाक ऐकायला गोड आहे, हे मान्य करायला हवं.

एक जागा मुद्दाम मागे ठेवली होती. माणसाशी बोलणाऱ्या संगणक प्रोग्रॅमसाठी १९९४मध्ये मायकेल मॉल्डिन या अमेरिकन संशोधकाने शब्द काढला तो ‘चॅटरबॉट’. ‘चॅटर’ अधिक ‘रोबॉट’. चपखल शब्द, त्या काळचे प्रोग्रॅम खरोखरच थांबायचं न कळणारे होते. पण थोड्याच वर्षांत लोकांच्या तोंडी त्यातला ‘अर’ झिजला आणि ‘चॅटबॉट’ उरला. पंधराव्या शतकात पाखरांच्या बाबतीत जी कातरणी झाली होती, तीच पाचशे वर्षांनी यंत्राच्या बाबतीत झाली. त्याच जागी, त्याच प्रत्ययावर, कुणी न ठरवता. आणि परिणामही तोच. अखंड बडबडणारं यंत्र त्या एका अक्षराच्या लोपाने ऐकून घेणारं वाटू लागलं. नोव्हेंबर २०२२मध्ये जे नाव घरोघरी पोचलं, त्यातली ‘जीपीटी’ ही तीन अक्षरं नुसती वाचली तर एखाद्या सरकारी अर्जाचा नमुना वाटावीत. पुढे ‘चॅट’ लावल्यावर आजी-आजोबासुद्धा त्याच्याशी बोलायला तयार झाले. रूझवेल्टच्या रेडिओसारखंच काम, खुर्ची मांडून देण्याचं.

निरोप घेण्याची रीतही या शब्दाला त्याची स्वतःची आहे. बोलणं सुरू करताना ‘चॅट’चं नाव घेतलं जातं, आणि संपवताना, मध्ये सहसा कुणी घेत नाही. ‘लव्हली चॅटिंग टू यू’ असं इंग्रज शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, की ती घराकडे वळलीच समजायचं. पडद्यावरच्या चॅटला हा समारोप जमत नाही. तिथे शेवटी कुणीतरी अंगठा उंचावलेलं चित्र टाकतं, आणि दुसऱ्याला कळत नाही, की आता आपणही टाकायचं की नाही.